अंतरावरचा विस्तव : ऑफसेट स्मोकर आणि आग राखणाऱ्या माणसांचा इतिहास

१/
पातळ पत्र्याच्या स्वस्त स्मोकरमध्ये लाकूड जाळून बारा तास एकसारखी धग राखायची. ऐकताना हे काम सोपे वाटते. पहिल्यांदा करणाऱ्याची मात्र तासाभरात दमछाक होते. हे कौशल्य आले कुठून, ते कोणाच्या हातांनी जपले आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात का सापडत नाहीत, हा आजच्या थ्रेडचा विषय आहे.

२/
आधी यंत्र समजून घेऊ. ऑफसेट स्मोकर म्हणजे एक आडवे लोखंडी पिंप. त्याच्या एका टोकाला, किंचित खालच्या पातळीवर, छोटी अग्निपेटी जोडलेली असते. दुसऱ्या टोकाला धुराडे. विस्तव पेटीत, मांस पिंपात. तापलेली हवा आणि धूर मांसावरून वाहत जाऊन धुराड्यावाटे बाहेर पडतात. पिंपातील तापमान साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअस राखावे लागते. मांस ज्वाळेच्या वर नसून तिच्या बाजूला असते, हेच या रचनेचे मर्म.

३/
आग आणि मांस यांच्यात अंतर ठेवण्याची युक्ती मात्र लोखंडाहून कितीतरी जुनी आहे. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून, 'बार्बाकोआ' या रूपाने, स्पॅनिशमध्ये आला. सोळाव्या शतकात गोन्झालो फर्नांडेझ दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने तो नोंदवला. मूळ अर्थ पदार्थाचा नव्हे, तर खांबांवर उभारलेल्या लाकडी माचाचा. अशा माचावर धान्य ठेवीत आणि त्याखाली मंद विस्तव करून मांस-मासेही शिजवीत. १५९० मध्ये थिओडोर द ब्राय याने प्रसिद्ध केलेल्या एका कोरीव चित्रात उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मूलनिवासी असाच माच करून मासे भाजताना दिसतात.

४/
इंग्रज वसाहतींत, विशेषतः व्हर्जिनिया आणि कॅरोलिना प्रांतांत, या पद्धतीला नवे रूप आले. जमिनीत लांब चर खणायचा, त्यावर आडव्या काठ्या टाकायच्या आणि अख्खी जनावरे त्यांवर ठेवायची. निवडणुका, सण, मोठे मेळावे, सर्वत्र बार्बेक्यू होऊ लागला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७६९ च्या रोजनिशीत अलेक्झांड्रिया येथील अशा एका बार्बेक्यूची नोंद आहे. रोजनिशी लिहिणारा पाहुणा होता. चराजवळ रात्रभर बसणारी माणसे वेगळी होती.

५/
दक्षिणेकडील मळ्यांवर हे काम बहुतांशी गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांकडे होते. चर त्यांनीच खणायचा, लाकूड त्यांनीच फोडायचे, जनावर त्यांनीच सोलायचे. यातले सर्वांत कौशल्याचे काम म्हणजे निखाऱ्यांची राखण. चरापासून दूर एक वेगळी मोठी आग पेटवीत. तिच्यात लाकूड पूर्ण जळून निखारे झाले की ते फावड्याने उचलून चरात मांसाखाली पसरीत. ज्वाळा आणि कडू धूर तिकडे दूरच राहत. मांसाला मिळे ती फक्त निखाऱ्यांची धग.

६/
ही पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण ऑफसेट स्मोकरचा गाभा तिच्यात आहे. लाकूड एका जागी जळते, मांस दुसऱ्या जागी शिजते. फरक इतकाच की चराच्या काळात या दोन जागांना जोडणारा दुवा म्हणजे हातात फावडे घेतलेला माणूस होता. निखारे कधी घालायचे, किती घालायचे, चराच्या कोणत्या टोकाला घालायचे, हे तो चरबीच्या चुरचुरण्यावरून आणि हाताला लागणाऱ्या धगीवरून ठरवी. तापमापक नव्हता, होती ती नजर, कान आणि तळहात.

७/
या माणसांचे शब्द आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचले. एक मोलाचा अपवाद आहे. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने गुलामगिरीतून मुक्त झालेल्या वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. त्यांत साउथ कॅरोलिनातील वेस्ली जोन्स यांची मुलाखत आहे. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण रात्रभर जागून मांस शिजवीत असू आणि त्यावर व्हिनेगर, मिरी, लोणी, कांदा, लसूण घातलेला रस्सा पुन्हा पुन्हा लावीत असू, असे ते सांगतात. तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते. सत्तरहून अधिक वर्षांनंतरही त्यांना मसाल्याचे जिन्नस एकेक करून आठवत होते.

८/
१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्तीचा हुकूम वाचला गेला. त्याच्या स्मरणार्थ 'जुनटीन्थ' साजरा होऊ लागला आणि त्या दिवसाच्या केंद्रस्थानी बार्बेक्यू आला. १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाने पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली; हेतू हाच की हा दिवस साजरा करायला हक्काची जागा असावी. ती जागा आज 'इमॅन्सिपेशन पार्क' म्हणून ओळखली जाते. काल दुसऱ्याच्या मेजवानीसाठी जी आग राखली, तीच आता स्वतःच्या सणासाठी पेटू लागली.

९/
त्याच टेक्सासमध्ये एक दुसरा प्रवाहही वाहत होता. मध्य टेक्सासमध्ये वसलेल्या जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी खाटीकखाने उघडले. न विकलेले मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावून विकीत. लॉकहार्ट गावातील 'क्रॉइट्स मार्केट' हे १९०० मध्ये सुरू झालेले दुकान त्यांपैकीच एक. तेथील विटांच्या भट्ट्यांची रचना पाहण्याजोगी आहे. भट्टीच्या एका टोकाला, जमिनीवरच, ओकची लाकडे जळतात आणि दुसऱ्या टोकाचे धुराडे ती धग भट्टीतून ओढून घेते. येथे फावड्याचे काम हवेच्या ओढीवर सोपवले गेले.

१०/
आग ही वारशाची वस्तू कशी होते, याचे उदाहरणही याच गावात मिळते. १९९९ मध्ये कुटुंबातील मतभेदांमुळे हे दुकान जुन्या इमारतीतून नव्या जागेत हलले. त्या वेळी जुन्या भट्टीतील धगधगते निखारे एका मोठ्या टबात घालून रस्त्यावरून नव्या भट्टीपर्यंत नेण्यात आले. विस्तव शेजारच्या घरातून मागून आणण्याची रीत ज्यांच्या आजी-पणजीने पाहिली आहे, त्यांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

११/
विटांची भट्टी लोखंडात कशी उतरली? टेक्सास आणि ओक्लाहोमा हे तेलाचे प्रदेश. जाड पोलादी नळ, जुन्या टाक्या आणि वेल्डिंग जाणणारे कारागीर तेथे मुबलक होते. नळाचा तुकडा कापायचा, एका बाजूला पेटी जोडायची, दुसऱ्या बाजूला धुराडे, की झाला स्मोकर. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि या उद्योगातील अनेकांना दुसरे काम शोधावे लागले. १९८० च्या दशकातच असे स्मोकर बांधून विकण्याचा व्यवसाय जम धरू लागला. 'ओक्लाहोमा जोज' हे आज दुकानोदुकानी दिसणारे नाव १९८७ चे.

१२/
मग कारखाने आले आणि पोलाद पातळ झाले. कारागिराच्या स्मोकरचा पत्रा सहा मिलिमीटर किंवा अधिक जाड असतो. स्वस्त स्मोकरचा दोन-तीन मिलिमीटर. आकार तोच, स्वभाव मात्र पूर्ण वेगळा. जाड पोलाद उष्णता साठवते. आग क्षणभर मंदावली तरी भिंती धग देत राहतात. पातळ पत्र्याकडे अशी शिल्लक नसते. वाऱ्याची झुळूक आली की तापमान उतरते, लाकडाचा एक तुकडा जास्त पडला की झपाट्याने चढते. झाकणाच्या फटींतून धूर निसटतो. पेटीजवळचे टोक भाजून निघते आणि धुराड्याकडचे कोमट राहते.

१३/
नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. तापमान चढले की तो हवेची झडप बंद करतो. कोळशाच्या शेगडीत हे चालते, कारण लाकडातील वायू कोळसा बनतानाच निघून गेलेले असतात. लाकडाचे तसे नाही. ते तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि त्यांना जळायला भरपूर हवा लागते. हवा कोंडली की ते अर्धवट जळतात, दाट पांढरा धूर होतो आणि त्यातील कडवट अंश मांसावर बसतो. म्हणून पहिला नियम असा : धग कमी करायची असेल तर हवा नव्हे, लाकूड कमी करा. आग लहान असावी, पण ती मोकळेपणाने जळावी. धुराडे पूर्ण उघडे ठेवावे.

१४/
धूर हीच या विद्येची लिपी आहे. दाट पांढरा किंवा करडा धूर म्हणजे आग गुदमरते आहे. निळसर, जेमतेम दिसणारा धूर म्हणजे ती निरोगी आहे. त्यासाठी लाकूड वाळलेले हवे, साधारण वीस टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे. लहान पेटीसाठी मनगटाएवढे तुकडे पुरतात. पुढचा तुकडा पेटीवर ठेवून आधीच तापवावा, म्हणजे आत पडताच तो पेट घेतो, धुमसत बसत नाही. त्याखाली निखाऱ्यांचा थर कायम हवा. अशा लहान स्मोकरला दर अर्ध्या-पाऊण तासाला नवा तुकडा लागतो. झोप घेता येत नाही.

१५/
काही उपाय पत्र्याचे दोष झाकतात. फटींवर उष्णतारोधक पट्टी लावावी. पेटीजवळच्या टोकाला पाण्याचे भांडे किंवा काही विटा ठेवाव्यात. त्या उष्णता साठवतात आणि थेट धग अडवतात. झाकणावरच्या तापमापकावर विसंबू नये. तो वरच्या हवेचे तापमान सांगतो, जाळीवरचे नव्हे. मांस न ठेवता एक-दोनदा नुसती आग राखून पाहावी आणि लाकूड घातल्याची वेळ व तापमान वहीत टिपावे. एखाद्या दिवसाच्या नोंदींनी आपल्या स्मोकरचा स्वभाव उलगडू लागतो.

१६/
एवढा खटाटोप कशासाठी? बार्बेक्यूमध्ये मुळात जनावराचे चिवट, कमी मोलाचे भागही येतात. टेक्सासचे प्रसिद्ध ब्रिस्केट म्हणजे गुरांच्या छातीचा भाग. त्यातील कोलॅजेन हे चिवट तंतुद्रव्य मंद आचेवर, अनेक तासांत, जिलेटिनमध्ये बदलते आणि मांस मऊ होते. मध्येच एक टप्पा असा येतो की मांसाचे तापमान ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडून बसते. नवशिका घाबरून आग वाढवतो. वास्तविक पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला थंड करीत असते. आपला माठ पाणी थंड ठेवतो त्याच तत्त्वाने. येथे नवशिक्याने आपला धीर राखायचा असतो.

१७/
ऑस्टिनचा ॲरन फ्रँकलिन असाच शिकला. त्याचा पहिला स्मोकर सुमारे शंभर डॉलरचा, पातळ पत्र्याचा होता. २००९ मध्ये त्याने एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड हा अमेरिकन पाककलेतील प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. पुढे त्याने जुन्या प्रोपेन टाक्यांपासून स्वतःचे मोठे स्मोकर बांधले. साउथ कॅरोलिनाच्या रॉडनी स्कॉटला हाच पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला. त्याच्या कुटुंबाच्या दुकानात अख्खे डुक्कर आजही निखाऱ्यांवरच शिजते : लाकूड वेगळ्या पिंपात जाळायचे, निखारे फावड्याने उचलायचे आणि मांसाखाली पसरायचे.

१८/
पाचव्या क्रमांकाची पोस्ट आठवते? ही तीच पद्धत आहे. गुलामगिरीच्या काळात ज्यांच्याकडून हे काम सक्तीने करून घेतले, त्यांची नावे मळ्यांच्या दप्तरात आली ती बहुधा मालमत्तेच्या यादीत. विद्या मात्र टिकली, कारण ती हातातून हातात गेली. पुरस्कार, पुस्तके आणि दूरदर्शनचे कार्यक्रम फार उशिरा आले आणि त्यांत कृष्णवर्णीय आचाऱ्यांना दीर्घकाळ फारच थोडी जागा मिळाली. बार्बेक्यूचा इतिहास केवळ लोखंडाच्या आकारांतून सांगितला, तर हा अन्याय दुसऱ्यांदा घडतो.

१९/
म्हणून स्वस्त स्मोकरकडे कमअस्सल यंत्र म्हणून पाहू नये. महागडा स्मोकर जे स्वतः सांभाळून घेतो, ते हा आपल्यावर सोपवतो. दर अर्ध्या तासाला उठवतो, धुराचा रंग पाहायला लावतो, वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवतो. फावडे घेऊन चराशेजारी जागणाऱ्या माणसाला काय काय ठाऊक असावे लागे, याचा थोडासा अंदाज अशा एका रात्रीत येतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपण तेथे स्वेच्छेने बसलेले असतो आणि सकाळी ते मांस आपल्याच ताटात येते.

२०/
वेस्ली जोन्स यांचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी त्यांच्यापाशी बसले, प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून घेतले. आपल्या घरी चूल, भट्टी किंवा शेगडी राखलेली एखादी वृद्ध व्यक्ती असेल, तर तिला विचारा : ओले सरपण कसे ओळखायचे? निखारे राखेखाली कसे जपायचे? उत्तर नावानिशी, तारखेसह लिहून ठेवा. इतिहासाचे साधन असेच तयार होते.

थ्रेड समाप्त.