मॉडेल टीच्या इंजिनावर चालणाऱ्या टेकड्या

स्कीइंगमधला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे वर चढणं. खाली यायला दीडदोन मिनिटं लागतात. १९३० च्या आसपास अमेरिकेत त्या दीडदोन मिनिटांसाठी आधी लांबलचक लाकडी फळ्या पायाला बांधून, तिरपं तिरपं पाऊल टाकत टेकडी चढावी लागायची. दिवसभरात सहासात फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. तेव्हा वीकेंडला मजा करायला आलेली शहरी मंडळी कधी ना कधी कुरकुर करणारच होती.

ती कुरकुर नोंदली गेली व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक नावाच्या गावात. तिथल्या ‘व्हाइट कपबोर्ड इन’मध्ये उतरलेल्या न्यूयॉर्कच्या पाहुण्यांनी मालकांकडे, म्हणजे रॉबर्ट आणि एलिझाबेथ रॉइस या जोडप्याकडे, चढण्याबद्दल तक्रार केली. कॅनडात, क्विबेकमधल्या शॉब्रिजला ॲलेक्स फॉस्टर नावाच्या माणसानं त्याआधीच एक जुगाड केला होता. गाडीचं मागचं चाक उचलून त्याच्याभोवती दोर गुंडाळायचा, तो टेकडीच्या माथ्यावरच्या पुलीतून परत खाली आणायचा आणि इंजिन चालू करायचं. रॉइस मंडळींनी क्लिंटन गिल्बर्ट या शेतकऱ्याची टेकडी भाड्यानं घेतली, फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावलं, १८०० फूट दोर आणला, आणि २८ जानेवारी १९३४ ला अमेरिकेतला पहिला ‘रोप टो’ सुरू झाला. दिवसाला एक डॉलर. दोर हातात घट्ट धरायचा आणि तो ओढत नेईल तसं स्कीजवर उभं राहून वर जायचं. बस्स.

इंजिनियर म्हणून मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर सामान. जुनी गाडी, दोर, चारदोन पुल्या. आणि गाईंचं कुरण. कुरणच का, तर गाई उन्हाळाभर गवत साफ ठेवतात, झुडपं वाढू देत नाहीत, त्यामुळे बर्फ थोडा पडला तरी टेकडी घसरण्याजोगी होते. हिवाळ्यात गाई गोठ्यात आणि कुरण रिकामं. म्हणजे धंद्याला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट गावात आधीच पडलेली होती, फक्त ती एकमेकांना जोडायची होती.

हे कळल्यावर न्यू इंग्लंडभर (अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली सहा राज्यं) पेवच फुटलं. बोस्टनहून न्यू हॅम्पशायरला १९३१ पासूनच ‘स्नो ट्रेन’ सुटायच्या, त्यामुळे गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण घेतलेले १०व्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक घरी परतले आणि त्यांच्यातल्या अनेकांनी स्कीइंगच्या धंद्यात उडी घेतली. पण छोट्या टेकड्यांचे खरे मालक म्हणजे शेतकरी, शाळा, गावची नगरपालिका, अग्निशमन दलातले उत्साही लोक, नाहीतर मुलांचा हट्ट पुरवणारा एखादा बाप. पुण्याची पर्वती डोळ्यांसमोर आणा. तेवढीशी टेकडी, एका बाजूला दोर, खाली एक लाकडी खोपटं, त्यात शेगडी आणि हॉट चॉकलेट. कुठेकुठे रात्री खांबावर दिवे. शाळा सुटली की पोरं थेट टेकडीवर.

फार रोमँटिक होऊ नका, हेही सांगायला हवं. दोर हातमोज्यांचा भुगा करायचा. भिजला की प्रचंड जड व्हायचा आणि खाली लोंबायचा. पुढचे धडधाकट लोक तो उचलून धरायचे म्हणून मागची लहान पोरं वर जायची. फिरता दोर पीळ खातो, त्यात मफलर किंवा केस अडकले तर जिवावर बेतायचं. म्हणून माथ्याशी एक तार आडवी बांधलेली असायची, तिला कुणी अडकून गेलं की इंजिन बंद पडायचं. संडास असेलच याची खात्री नाही. आणि बर्फ पडला नाही तर काहीच नाही.

या टेकड्या गेल्या कशा? याचं झटपट उत्तर ‘हवामानबदल’. ते आज खरंच आहे, पुढे आणखी खरं होणार आहे. पण बहुतेक छोट्या टेकड्या बंद पडल्या त्या साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत, हवामानबदल हा शब्द घरोघरी पोचायच्या आधी. कुणी त्यांना मारलं असंही नाही. जे घडलं ते फोन वापरणाऱ्या कुणालाही पटकन समजेल. तुमचा जुना फोन बिघडलेला नसतो, पण ॲपचं नवं व्हर्जन येतं, मग आणखी एक, आणि एके दिवशी बँकेचं ॲपच सांगतं की हा फोन आता चालणार नाही. फोन आहे तसाच आहे. किमान गरज वर सरकलेली आहे.

पहिला अपग्रेड बसायच्या खुर्चीचा. १९३६ साली आयडाहोमधल्या सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट बसली. ती ज्यानं कल्पिली तो जिम करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा इंजिनियर. जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या फिरत्या आकड्यांचं काम त्यानं आधी केलेलं होतं; आकड्याच्या जागी खुर्ची लावली आणि केळ्यांच्या जागी माणसं. एकदा लोकांना बसून वर जायची सवय लागली की दोराला लोंबकळणं हलाखीचं वाटू लागतं. पण चेअरलिफ्ट गाडीच्या इंजिनावर आणि वीकेंडच्या मेहनतीवर उभी राहत नाही. तिला पोलादी खांब, पाया, तपासणी, पगारी माणसं आणि मुख्य म्हणजे कर्ज लागतं.

दुसरा अपग्रेड बर्फाचाच, आणि ही गोष्ट मला थांबून सांगायची आहे. कनेक्टिकटमध्ये वॉल्ट शेनेख्त नावाच्या खटपट्या माणसाची मोहॉक माउंटन ही टेकडी होती. १९४९-५० च्या हिवाळ्यात बर्फच पडेना. त्यानं काय करावं? ट्रकमधून शेकडो टन लादीचा बर्फ आणून, फोडून उतारावर पसरला. त्याच कोरड्या हिवाळ्यात त्याच राज्यातल्या टे मॅन्युफॅक्चरिंग या छोट्या कंपनीची ॲल्युमिनियमची स्की पडून होती, कारण बर्फाशिवाय स्की विकत घेणार कोण. कंपनीतल्या वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांनी मार्च १९५० मध्ये रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नॉझल आणि बागेला पाणी घालायची नळी जोडली आणि थंड रात्री हवेत पाण्याचे बारीक थेंब उडवले. खाली पडला तो बर्फ. १९५४ मध्ये पेटंटही मिळालं.

ही कल्पना मॉडेल टीच्या दोराइतकीच साधी, तितकीच घरगुती. त्यामुळे ती छोट्यांना वाचवेल असं वाटणं साहजिक होतं, आणि काहींना वाचवलंही. पण गणित बघा. एक एकर उतारावर फूटभर बर्फ करायचा तर साधारण सहासात लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे तळं हवं, पंप हवेत, जमिनीखालून पाइप हवेत, मोठे कॉम्प्रेसर हवेत, आणि थंडी पडेल त्या रात्री जागणारी माणसं हवीत. एक टेकडी बर्फ बनवू लागली की शेजारच्या टेकडीकडून लोक डिसेंबरातच बर्फाची अपेक्षा करतात. जी गोष्ट दुष्काळावरचा उपाय म्हणून आली, ती दहावीस वर्षांत धंद्यात शिरायची फी झाली. शेनेख्तनं स्वतः १९५४ साली व्हरमाँटमध्ये माउंट स्नो उघडलं. चार वर्षांनी किलिंग्टन आलं, १९६१ मध्ये स्ट्रॅटन. त्याच काळात इंटरस्टेट हायवे पूर्ण होत गेले. पूर्वी गावातल्या टेकडीवर जाणारं कुटुंब आता तासदोन तास गाडी चालवून दहापट मोठ्या डोंगरावर जाऊ लागलं. मीही तेच केलं असतं.

मग १९७३ आलं. तेलाचा भडका उडाला, नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी पंपवाल्यांना शनिवारी रात्री नऊपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत पेट्रोल विकू नका अशी विनंती केली. ज्यांची सगळी कमाई शनिवार-रविवारची, त्यांच्यासाठी ही बातमी कशी असेल! (गावातल्या गाईंच्या कुरणापर्यंत चालत जाणाऱ्यांना फरक पडला नसता, पण तोवर कुरणवाल्यांनाही बाहेरच्या गिऱ्हाइकाची सवय झालेली होती.) त्यात त्या हिवाळ्यात ईशान्येत बर्फही यथातथाच. १९७९-८० चा हिवाळा तर इतका कोरडा गेला की लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतिहासात पहिल्यांदा यंत्रानं बनवलेला बर्फ वापरावा लागला.

या दोन कोरड्या हिवाळ्यांच्या मधे एक खटला उभा राहिला. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्ट्रॅटनच्या नवशिक्यांच्या उतारावर एका एकवीस वर्षांच्या तरुणाची स्की बर्फाखाली लपलेल्या झुडपात अडकली. तो पडला आणि कायमचा पंगू झाला. १९५१ च्या एका खटल्यापासून असं धरलं जायचं की स्कीइंग करणारा धोका पत्करूनच उतारावर येतो. इथे ज्यूरीनं त्याला १५ लाख डॉलर भरपाई दिली आणि १९७८ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. कारण वाचण्यासारखं आहे. आता यंत्रं आहेत, उतार रोज सपाट केले जातात, कंपनी स्वतःच त्याची जाहिरात करते. मग नवशिक्यांच्या वाटेवरचं लपलेलं झुडूप हा खेळाचा अंगभूत धोका कसा म्हणायचा?

मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. त्या मुलाचं आयुष्य उलटंपालटं झालं होतं आणि कंपनीनं खरोखरच गुळगुळीत उताराचं आश्वासन दिलं होतं. पण त्याचा अर्थ असा की मोठ्यांच्या यंत्रांनी सगळ्यांसाठीच सुरक्षिततेची पातळी वर नेली. विम्याचे हप्ते चढले, आणि ते तीन हजार तिकिटं विकणाऱ्या रिसॉर्टला झेपतात तसे तीस पोरांच्या टेकडीला झेपत नाहीत. व्हरमाँटच्या विधिमंडळानं त्याच वर्षी कायदा करून धोक्याची जबाबदारी पुन्हा स्कीइंग करणाऱ्याकडे सरकवली. तोवर अनेक दोर गुंडाळून खळ्यात ठेवले गेले होते.

आणि काही टेकड्या नुसत्याच थांबल्या. मालक म्हातारा झाला, मुलांना रस नव्हता, गाई विकल्या, कुरणात बर्च आणि पाइन उगवले. न्यू इंग्लंडमध्ये अशा हरवलेल्या टेकड्यांची यादी करण्याचं काम जेरेमी डेव्हिस यांनी १९९८ पासून चालवलं आहे. लोक त्यांना जुनी माहितीपत्रकं, फोटो, आठवणी पाठवतात. त्यांच्या यादीत सहाशेहून जास्त जागा आहेत. संपूर्ण अमेरिकेत स्कीइंगच्या धंद्याच्या राष्ट्रीय संघटनेनं १९८२-८३ मध्ये ७३५ जागा मोजल्या होत्या, आज त्या पाचशेच्या खाली आहेत. जंगलात यातली एखादी शोधायची युक्ती सोपी आहे. आजूबाजूची झाडं जुनी आणि मधेच सरळ रेषेत वर जाणारा कोवळ्या झाडांचा पट्टा दिसला की माथ्याकडे बघायचं. कधी तिथे गंजलेली पुली मिळते, खोडानं अर्धी गिळलेली.

यात हरवलं काय? उंची नाही, मोठ्या डोंगरांवर ती भरपूर आहे. हरवला तो खेळात शिरायचा दरवाजा. नोकरीसाठी बोस्टनच्या बाजूला आलेले माझ्यासारखे कितीतरी मराठी लोक पंचविशीनंतर पहिल्यांदा स्की पायात घालतात. मी शिकलो ते एका गावच्या टेकडीवर, पाचसहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, आणि मला पडताना पाहून एक मुलगी अत्यंत गंभीरपणे सल्ले देत होती. हे सगळं एका जेवणाच्या पैशांत झालं. मोठ्या रिसॉर्टमध्ये आज एका दिवसाचं तिकीट ऐनवेळी घेतलं तर २०० डॉलरच्या वर जाऊ शकतं. त्यांना तिकीट विकायचंच नसतं म्हणा, त्यांना सीझनभराचा पास विकायचा असतो. २००८ मध्ये व्हेलनं ५७९ डॉलरचा एपिक पास काढला तेव्हापासून धंदाच तसा वळला आहे. पट्टीच्या स्कीयरला तो स्वस्त पडतो. ‘एकदा करून बघू’ म्हणणाऱ्याला मात्र दाराबाहेरच थांबावं लागतं.

छोट्या टेकडीवर फक्त कच्चे लोक तयार होतात असा समज असेल तर रिचमंड, व्हरमाँटचं उदाहरण घ्या. मिकी कॉक्रन यांनी १९६१ मध्ये घरामागच्या उतारावर दोर बसवला, कारण चार मुलांना शाळेनंतर सराव करायचा होता. चौघंही अमेरिकेच्या संघात गेली. बार्बरा ॲननं १९७२ मध्ये सप्पोरोला स्लालममध्ये सुवर्णपदक मिळवलं, दोन शतांश सेकंदांनी. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिच्या मुलाला, रायनला, सुपर-जीमध्ये रौप्य मिळालं, सुवर्ण चार शतांशांनी हुकलं. मिनेसोटात लिंडसे व्हॉन ज्या बक हिलवर शिकली तिची उंची शंभर मीटरही नाही. कारण साधं आहे: उतार छोटा म्हणजे फेऱ्या जास्त. दोर थांबत नाही, पोरंही थांबत नाहीत.

कॉक्रन्सची टेकडी आज ना-नफा संस्था म्हणून चालते. टिकलेल्या बऱ्याच छोट्या जागांची हीच कहाणी आहे: संस्था, सहकारी मालकी, नगरपालिका. म्हणजे धंदा असणं सोडलं म्हणून टिकल्या. ‘बीटलज्यूस’ सिनेमातलं ते टेकडीवरचं गाव आठवत असेल, त्याचं चित्रीकरण व्हरमाँटच्या ईस्ट कोरिंथला झालं होतं. त्याच गावात नॉर्थईस्ट स्लोप्स ही टेकडी १९३६ पासून गावकरी चालवतात. दोर अजून आहे. पगारी फौज नाही, बर्फ बनवायची यंत्रं नाहीत, म्हणून फेडायचं कर्जही नाही. बर्फ पुरेसा पडला की वीकेंडला कुणीतरी जाऊन इंजिन चालू करतं. नाही पडला तर त्या आठवड्यात टेकडी बंद, आणि सगळे पुढच्या आठवड्याच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतात.