जुन्याला घरात जागा: प्लेस्टेशनची वाटचाल

नवं यंत्र बाजारात आणलं की जुन्याची लवकर बोळवण करायची, ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या धंद्यातली रीत. नोव्हेंबर 1993मध्ये स्थापन झालेल्या, ‘प्लेस्टेशन’ ही व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणाऱ्या सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटने सुरुवातीला ती पाळली नाही. मार्च 2000मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन 2 आलं, तेव्हा त्याच्या पोटात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर शाबूत होता. नवा गेम चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरेंची हमाली करायचा आणि जुनी डिस्क घातली की पुन्हा मूळ कामाला लागायचा. जुनं मेमरी कार्डही त्याच खाचेत बसायचं. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी आणि त्यांच्या मंडळींची ही युक्ती मला आजही सगळ्यात देखणी वाटते. इतकं करूनही पहिलं यंत्र बंद झालं नाही. जुलै 2000मध्ये ‘पीएस वन’ या आटोपशीर रूपात ते पुन्हा आलं आणि त्याचं उत्पादन 2006पर्यंत चाललं.

2006च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन 3ने हाच कित्ता गिरवला, पण तो महागात पडला. सुरुवातीच्या यंत्रांत प्लेस्टेशन 2च्या मुख्य चिप बसवलेल्या होत्या. अमेरिकेत किंमत 500-600 डॉलर, शिवाय यंत्रामागे कंपनीला तोटा. मग काटकसरीची कात्री आधी याच चिपवर चालली. 2007च्या मार्चमध्ये युरोपला गेलेल्या यंत्रांत त्यांतली एक नव्हती. वर्षअखेरच्या 40 जीबीच्या यंत्रात एकही उरली नाही. प्लेस्टेशन 2च्या डिस्क त्यावर चालेनात.

गंमत अशी, की प्लेस्टेशन 2 स्वतः मात्र जोरात होतं. 2009मध्ये अमेरिकेत ते 99 डॉलरला मिळू लागलं. आपल्याकडे तर त्याच वर्षी सोनीने त्यावर खास भारतीय गेम आणले: ‘हनुमान: बॉय वॉरियर’, आणि कबड्डी, विटीदांडू खेळवणारा ‘देसी अड्डा’. 2010मध्ये मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. जग पुढच्या यंत्रावर गेलेलं असताना भारतीय गेमकारांना काम मिळालं ते या ‘जुन्या’ यंत्रामुळे. पंधरा कोटींहून अधिक यंत्रं खपवून त्याचं उत्पादन 2012-13च्या संधिकाळात थांबलं. जपानमध्ये दुरुस्ती मात्र सप्टेंबर 2018पर्यंत मिळत होती. अठरा वर्षं! मोबाइलवाल्यांनी ऐकावं.

प्लेस्टेशन 4वर प्लेस्टेशन 3च्या डिस्क चालल्याच नाहीत. प्रोसेसरची घडणच वेगळी होती. 2020च्या प्लेस्टेशन 5ने प्लेस्टेशन 4चे जवळपास सगळे गेम सामावून घेतले, कारण दोन्हींची जातकुळी एक.

आता जुन्या यंत्राचा जीव डिस्कपेक्षा ऑनलाइन दुकानात अडकलेला असतो. मार्च 2021मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 आणि हातात धरून खेळायची पीएसपी आणि व्हिटा ही यंत्रं यांची दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. ग्राहक खवळले. महिन्याभरात प्लेस्टेशन विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम रायन यांनी प्लेस्टेशन 3 आणि व्हिटाबाबतचा निर्णय मागे घेतला. पीएसपीचं दुकान जुलैत गेलंच. वाचलेल्या दोन्ही दुकानांनी मात्र ऑक्टोबरपासून क्रेडिट-डेबिट कार्ड घेणं बंद केलं. गेम घ्यायचा, तर आधी दुसरीकडून वॉलेट भरून यायचं.