लग्नाविना संसार, लेखी करार

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याने मिळकतीबाबत आपसात केलेला करार अमेरिकेतील बहुतेक न्यायालये पूर्वी मानत नसत. संबंधच अनैतिक, मग त्यावर बेतलेला करार वैध कसा, हा त्यांचा युक्तिवाद. कॅलिफोर्निया त्या मानाने उदार. तरी १९४३ च्या व्हॅलेरा खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही घरकामाला मोल दिले नाही. मिळकत वाटून घेण्याचे ठरले असेल किंवा बाईने स्वतःचा पैसा घातला असेल तर वाटा. नुसते रांधल्या-वाढल्याबद्दल काही नाही. उमेदीची वर्षे ज्या घरात घातली, तिथून ती रिकाम्या हाताने बाहेर पडे. हा उघड अन्याय होता आणि तो तीन दशके टिकला.

त्याला धक्का दिला ‘मार्विन विरुद्ध मार्विन’ या खटल्याने. गायिका मिशेल ट्रायोला आणि चित्रपट अभिनेता ली मार्विन ऑक्टोबर १९६४ ते मे १९७० एकत्र राहिले. लीचा पहिल्या पत्नीशी घटस्फोट झाला तो १९६७ मध्ये. मिशेलचे म्हणणे असे, की दोघांत तोंडी बोली झाली होती : तिने गाणे सोडून घर सांभाळायचे, कमाई आणि मिळकत निम्मी-निम्मी, आणि त्याने तिला आयुष्यभर सांभाळायचे. मिळकत सगळी लीच्याच नावावर होती. वेगळे झाल्यावर नोव्हेंबर १९७१ पर्यंत त्याने तिचा खर्च चालवला, पुढे हात आखडला. तिने दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो पुरावा न घेताच निकालात काढला.

डिसेंबर १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकालपत्र न्या. मॅथ्यू टोब्रायनर यांचे. अशी जोडपी दहा वर्षांत बहुधा आठपट झाली आहेत, याची त्यांनी दखल घेतली. शरीरसंबंधाचा मोबदला हाच ज्याचा उघड पाया आहे तेवढा भाग वगळता असा करार इतर करारांइतकाच बंधनकारक, असे त्यांनी ठरवले. तो लेखी असलाच पाहिजे असे नाही; वागण्यावरूनही तो सिद्ध होऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरकाम हाही कायद्याच्या दृष्टीने मोबदला ठरला.

पुढे १९७९ मध्ये प्रत्यक्ष सुनावणीत मिशेलला बोली सिद्ध करता आली नाही. न्या. आर्थर मार्शल यांनी तरीही तिला पुन्हा पायावर उभे राहण्यासाठी १,०४,००० डॉलर दिले : गायिका म्हणून तिची आठवड्याची सर्वाधिक कमाई १,००० डॉलर, त्या दराने दोन वर्षांचे. १९८१ मध्ये अपिलात तेही गेले.

इतर राज्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. १९७९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षे संसार करून तीन मुले वाढवलेल्या स्त्रीचा असाच दावा नाकारला. तो मान्य केल्यास विवाहसंस्था दुबळी होईल, हे कारण. न्यूयॉर्कने १९८० मध्ये स्पष्ट शब्दांतला करार मान्य केला, वागण्यावरून काढलेला नाही. त्याच वर्षी मिनेसोटाने कायदाच केला : करार लेखी हवा, दोघांच्या सह्यांचा हवा. तोंडी बोली कोर्टात किती तकलादू ठरते हे मिशेलच्या बाबतीत दिसलेच होते. घर कोणाच्या नावावर, खर्च कोणी किती उचलायचा, वेगळे झाल्यास काय, हे आधीच लिहून ठेवण्यात कमावत्यापेक्षा घर सांभाळणाऱ्याचेच हित अधिक होते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी खटल्यात मार्विन निकालाचा उल्लेख केला. पण तिथे प्रश्न कराराचा नव्हता, पोटगीचा होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातले ‘विवाहसदृश नाते’ ठरण्यासाठी दोघेही अविवाहित व लग्नास पात्र हवेत, ही त्यातली एक अट. या कसोटीवर मिशेल आणि ली यांच्या सहवासाची पहिली दोनहून अधिक वर्षे बसली नसती.