मातीच्या बैलापासून १:७२ च्या विमानापर्यंत

खऱ्या वस्तूची सगळी मापे एकाच पटीत लहान करून तिची प्रतिकृती बनवायची आणि मग ती मूळ वस्तूसारखी रंगवायची, या छंदाला स्केल मॉडेलिंग म्हणतात. छंदातली प्रमाणे ठरलेली असतात. विमानांचे सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२ आहे. या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये चार फुटांचा एक इंच होतो. मोटारींसाठी १:४३ आणि १:२४ ही प्रमाणे रूढ आहेत, रेल्वेसाठी १:८७. खेळण्याला असे बंधन नसते. खेळण्यातल्या मोटारीची चाके हवी तेवढी मोठी चालतात, मॉडेलची चालत नाहीत.

वाहने आणि जनावरे लहान आकारात घडवण्याची कला जालना जिल्ह्याला आणि एकूणच गोदावरीच्या खोऱ्याला नवी नाही. ती मोजमापाने करण्याची शिस्त मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली आहे आणि ती बाहेरून आली.

या खोऱ्यातल्या लहान वाहनांचा सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा नमुना जालन्याच्या पश्चिमेला, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे मिळाला. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हे शेतकरी झाडाचा बुंधा खणत असताना जमिनीतून चार भरीव कांस्य वस्तू निघाल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, गाड्यावर उभा रेडा, हत्ती आणि गेंडा होते. चारही वस्तूंचे एकत्र वजन साठ किलोच्या वर भरते. काही संशोधक त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींना हा काळ मान्य नाही.

स्केल मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने या रथाकडे पाहिले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. रथ बैलांसह ४५ सेंटीमीटर लांब आणि १६ सेंटीमीटर रुंद आहे, तर सारथी १६ सेंटीमीटर उंच आहे. सारथ्याला साधारण उंचीचा पुरुष मानले तर प्रमाण सुमारे १:१० निघते. त्या हिशेबाने खरा रथ साडेचार मीटरच्या आसपास लांब आणि दीड मीटरहून थोडा अधिक रुंद होईल. दोन बैलांच्या हलक्या गाडीला हे माप अगदी शोभणारे आहे. कारागिराने मोजून काम केले होते, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण त्याची नजर पक्की होती, हे नक्की. चारही वस्तूंना एकच प्रमाण लावलेले नाही. रेडा गाड्यासह ३१ सेंटीमीटर उंच आहे आणि हत्ती २५ सेंटीमीटर. रेडा हत्तीहून मोठा करायला त्या कारागिराला संकोच वाटला नाही, कारण आपण आज ज्याला स्केल म्हणतो ते त्याच्या कामात महत्त्वाचे नव्हते.

जालना जिल्ह्यात या कसबाचा पुरावा केळणा नदीकाठच्या भोकरदन येथे मिळतो. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत या गावचे दाते आढळतात. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी ठळक साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले, म्हणून तिकडची मूर्ती त्याआधीची ठरते. वीतभर हस्तिदंतात दागिने आणि केशरचना कोरणारे हात त्या काळात दख्खनमध्ये होते. सातवाहन काळात तेर, पैठण, नेवासे या भागांत दोन साच्यांमध्ये माती दाबून पोकळ मूर्ती घडवत. दोन अर्धे भाग वेगळे काढायचे, ते जोडायचे आणि सांधा घासून दिसेनासा करायचा, ही ती रीत. प्लॅस्टिक किटमधले विमानाचे धडही आज याच क्रमाने जुळते.

त्यानंतरच्या काळात ही कला राजाश्रयापेक्षा सणाने अधिक टिकवली. मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा असतो. ज्याच्या दावणीला जनावर नाही, त्याच्या घरी मातीच्या बैलजोडीची पूजा होते. कुंभार या जोड्या घडवतात आणि पोरेही चिखलाचे बैल करतात. खऱ्या बैलाची शिंगे रंगतात, अंगावर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ येते. मातीच्या बैलावर हेच सगळे रंगाच्या चार फटकाऱ्यांत उतरते. वशिंड मोठे आणि पाय आखूड, ही या बैलांची ठरलेली ठेवण आहे. ओली माती स्वतःच्या वजनाने बसते, त्यामुळे बारीक पाय टिकत नाहीत. ठेवण अशी साधनातून आली आहे, अज्ञानातून नव्हे.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसवलेले लाकडी बैल दोरीने ओढत मुले घरोघर जातात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. हेच रघुजी त्याआधी तीन वर्षे आपल्या फौजेसह आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईच्या रणांगणावर होते. योगायोग असा की, प्रतिकृतींच्या जगात जालना जिल्ह्याचे नाव पोहोचले आहे ते याच लढाईमुळे.

आसईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. शिंदे-भोसल्यांच्या बाजूला शंभराच्या आसपास तोफा आणि कर्नल पोलमनच्या हाताखाली कवायती पायदळाच्या पलटणी होत्या. समोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली होता. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क त्याने बांधला आणि सैन्य पलीकडे नेले. त्याचे १,५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या.

धातूचे छोटे सैनिक रंगवून, त्यांच्या फळ्या मांडून जुन्या लढाया पुन्हा लढण्याचा छंद युरोपात मोठा आहे. त्याची मुळे प्रशियाच्या रायस्वित्झ यांनी १८२४ मध्ये लष्करी शिक्षणासाठी प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात आहेत. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून तो घराघरांत नेला. या छंदात आसई हा आवडीचा विषय आहे आणि मराठा पायदळ, तोफा व घोडेस्वार यांच्या आकृत्या तिकडे तयार मिळतात. एक आकृती वीस सैनिकांच्या ठिकाणी धरली, तर सहाशेच्या पलटणीला तीस आकृत्या लागतात. प्रत्येकाची पगडी, कमरपट्टा, बंदुकीचा दस्ता वेगळा रंगवायचा असतो. टेबलावर निळ्या पट्ट्यांनी केळणा आणि जुई दाखवतात. जिल्ह्यातल्या या दोन नद्यांचा आकार इंग्लंडमधल्या छंदिष्टांना पाठ आहे. हा अभिमानाचा विषय आहेच, पण थोडा खंत वाटण्याचाही आहे, कारण हे रणांगण मापाने घडवण्याचा पहिला हक्क आसईच्या मुलांचा आहे.

काटेकोर प्रमाणाची शिस्त या प्रदेशात रेल्वेबरोबर आली. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा तिचा मार्ग जालन्यातून गेला. हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १,००० मिलिमीटर. युरोपात त्याआधीच, १८९१ मध्ये, मर्कलिन या जर्मन कंपनीने खेळण्यातल्या रेल्वेसाठी ठरावीक रुंदीचे रूळ बाजारात आणले होते. पुढे १:८७ हे एचओ प्रमाण सर्वांत लोकप्रिय झाले. ते १:४३.५ च्या ओ प्रमाणाचे निम्मे आहे. मोटारींचे १:४३ हे प्रमाणही तिथूनच आले. डिंकी कंपनीच्या धातूच्या मोटारी १९३० च्या दशकात मुळात रेल्वेच्या देखाव्यात उभ्या करण्यासाठी निघाल्या होत्या.

भारतीय रेल्वेचे मॉडेल करणाऱ्यापुढे एक अडचण कायम असते. एचओ रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर आहे. हे माप १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजवर बेतलेले आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे आणि १:८७ मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर होते. तयार रूळ वापरले तर गाडी दिसायला अरुंद पायांवर उभी राहते. अचूकता हवी असेल तर रूळ हाताने घालावे लागतात. जालन्याचे मीटरगेज या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर भरते. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. थोडक्यात, महाराष्ट्रातल्या ब्रॉडगेज स्टेशनांपेक्षा जुने जालना स्टेशन मॉडेलमध्ये उतरवणे सोपे आहे. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेज उखडले गेले. महाराष्ट्रातले रेल्वे मॉडेलचे सर्वांत मोठे नाव पुण्याचे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडमध्ये लोकांसाठी खुले आहे. तिथला सिग्नल, पूल आणि गाड्यांचा मेळ पाहिला की छंद किती वर्षे मागतो, याचा अंदाज येतो.

विमानांचे १:७२ प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या स्कायबर्ड्स या लाकडी किटमुळे रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धाने त्याला शाळेत नेले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना बाह्याकृतीवरून ओळखता यावे म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली पाच लाख काळी लाकडी विमाने मागवली. १९५० च्या दशकात एअरफिक्सने पॉलिस्टायरीनची स्वस्त किट आणली आणि तासणीची जागा गोंदाने घेतली.

भारतात विमानाचे मॉडेल मुलांच्या हाती दिले ते प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेने. तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता येथे एकेका तुकडीने सुरू झाली. एरोमॉडेलिंग हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. हाताने फेकायचे ग्लायडर, तारेने गोल फिरवायचे इंजिनाचे विमान आणि फक्त मांडून ठेवायचे मॉडेल, असे प्रकार छात्र करतात. उडत्या मॉडेलचे लाकूड म्हणजे दक्षिण अमेरिकेतले बाल्सा. तारेच्या विमानात वजन चुकले की विमान उचलत नाही. मांडायच्या मॉडेलमध्ये चूक फक्त नजरेला खुपते, म्हणून तिथे रंगकाम हीच परीक्षा असते.

हे रंगकाम मराठवाड्याच्या हवेत वेगळे शिकावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत एअरब्रशमधून निघालेला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच कोरडा होऊ लागतो आणि अंगावर खरखर येते. तेव्हा रंगात सुकणे लांबवणारे द्रव्य मिसळतात किंवा पहाटे काम करतात. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक धरते. छटाही जशीच्या तशी घेऊन चालत नाही. दूरचे विमान हवेमुळे फिकट दिसते, म्हणून लहान मॉडेलवर मूळ रंग थोडा उजळ करून लावतात. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर होते. १:७२ मध्ये ते दहा सेंटीमीटर भरतात. हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुसेनेतून निवृत्त झाले. आता ते बघायचे तर संग्रहालयात, नाहीतर टेबलावर.

जिल्ह्याच्या गावांत हा छंद दुर्मीळ राहिला याचे कारण आवडीत नाही, किमतीत आहे. जकातीच्या वर्गीकरणात स्केल मॉडेल खेळण्यांसोबत एकाच कलमात बसते. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळणी उद्योगासाठी हे धोरण समजण्यासारखे आहे. पण बारीक किट देशात फारशी बनत नाहीत, आणि त्याचा भार हौशी माणसावर पडतो. तो कार्डबोर्ड, पीव्हीसी पत्रा, आइसक्रीमच्या काड्या यांतून मार्ग काढतो. असे काम कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही. मापे बरोबर असतील तर कार्डबोर्डचे मॉडेलही अस्सल स्केल मॉडेलच असते.

त्यासाठी आधी मापे हवीत. मीटरगेजच्या काळातले जालना स्टेशनचे फोटो, तिथल्या इमारतीची किंवा डब्यांची टिपणे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती जपावीत. फोटोत एखादा माणूस उभा असेल तर उत्तमच, कारण त्याच्या उंचीवरून बाकी सगळ्याचे माप काढता येते.