उज्जयिनीची रेखा आणि शंकूची छाया

देवालय बांधावयाचे ठरले की पहिला चिरा बसण्यापूर्वी त्या भूमीवर शंकू उभा करावा, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. जागा पाण्यासारखी सपाट करावी, मधोमध शंकू रोवावा, भोवती वर्तुळ काढावे. सकाळी छायेचे टोक जेथे वर्तुळात शिरते तेथे एक खूण करावी व दुपारनंतर ते जेथून बाहेर पडते तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्वपश्चिम. शुल्बसूत्रांपासून चालत आलेला हा विधी इतका साधा आहे की त्यात काही विद्या आहे असे प्रथमदर्शनी वाटतही नाही. गाभाऱ्याचे मुख जिकडे असते ती दिशा मात्र या छायेनेच ठरविलेली असते.

तीच छाया आणखी एक गोष्ट सांगते. दिवस व रात्र समान असतात त्या विषुवदिनी, ऐन मध्याह्नी, बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जी छाया पडते तिला ज्योतिषी पलभा म्हणतात. उज्जयिनीस ही पलभा पाच अंगुळांहून किंचित अधिक भरते. फोंडा महालात ती सव्वातीन अंगुळांच्या आसपास येते. म्हणजे विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेस आहोत हे ज्याचे त्याला आपल्या अंगणात, दुसऱ्या कोणास न विचारता, कळू शकते. परंतु आपण किती पूर्वेस वा किती पश्चिमेस आहोत हे एकटी छाया कधीच सांगू शकत नाही. विषुववृत्त निसर्गाने आखून दिले आहे. मध्यरेखा मात्र कोणीतरी मानावी लागते आणि इतरांनी ती स्वीकारावी लागते. ज्योतिषशास्त्राच्या इतिहासातील पुष्कळसा मानापमान या एका भेदातून उद्भवला आहे.

आपल्याकडे ही मान्य रेखा लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाते असे सिद्धान्तग्रंथ सांगतात. येथील लंका म्हणजे सिंहलद्वीप नव्हे. ती विषुववृत्तावर कल्पिलेली एक नगरी असून तिच्यापासून नव्वद नव्वद अंशांवर यवकोटी, सिद्धपुर व रोमक अशा आणखी तीन नगरी कल्पिल्या आहेत. आज नकाशावर पाहिले तर त्या लंकेच्या जागी समुद्रावाचून काही नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास उज्जयिनी ही लंकेच्या उत्तरेस पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतक्या अंतरावर असल्याचे सांगितले. हे साडेबावीस अंश होतात. उज्जयिनीचे खरे अक्षांश २३ अंश ११ कला आहेत. चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या विधानात पाऊण अंशापेक्षाही कमी अंतर पडावे ही गोष्ट सामान्य नव्हे.

रेखांशांच्या बाबतीत मात्र इतके गुणगान करता येत नाही. उज्जयिनीचे रेखांश पूर्व ७५ अंश ४६ कला, तर कुरुक्षेत्राचे सुमारे ७६ अंश ५० कला. दोन्ही स्थाने एका रेषेवर नाहीत. एका अंशाहून थोडे अधिक अंतर आहे. या चुकीचे कारण समजून घेतल्यास दोष देण्याची इच्छा उरत नाही. देशांतर मोजण्याचे एकच खात्रीचे साधन त्या काळी होते, ते म्हणजे चंद्रग्रहण. चंद्रग्रहण सर्व ठिकाणी एकाच क्षणी लागते, परंतु त्या क्षणी प्रत्येक गावाची स्थानिक वेळ निरनिराळी असते. उज्जयिनीच्या गणिताने आलेल्या वेळेपेक्षा आपल्या गावी एक घटका उशिरा ग्रहण लागले तर आपण सहा अंश पूर्वेस आहोत, एक घटका अगोदर लागले तर सहा अंश पश्चिमेस. घटिकापात्राने रात्री वेळ मोजताना दहाअकरा पळांची चूक झाली की एका अंशाचे अंतर पडते, आणि कुरुक्षेत्राच्या बाबतीत नेमके तेवढेच पडलेले आहे.

या रेखेची कीर्ती हिंदुस्थानाबाहेर गेली ती अरब पंडितांच्या द्वारे. आठव्या शतकात बगदादेस भारतीय सिद्धान्तांची भाषांतरे झाली, त्यांत उज्जयिनीचे उझैन झाले आणि अरबी लिपीतील नुक्त्यांच्या घोटाळ्याने पुढे त्याचेच ‘अरीन’ झाले. या अरीनला पृथ्वीचा घुमट मानण्यात येऊ लागले. तेथून ते लॅटिन ग्रंथांत शिरले, आणि इ. स. १४९८ च्या तिसऱ्या सफरीविषयी स्पेनच्या राजाराणीस लिहिताना कोलंबसानेही या अरीनचा उल्लेख केला. ज्या क्षिप्रातीरावरील नगरीचे हे नाव, ती खरोखर कोठे आहे हे त्यास ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

यानंतरचा महत्त्वाचा अध्याय सवाई जयसिंहाचा असून त्याचा एक धागा गोव्यातून जातो. आंबेरचा हा राजा (१६८८–१७४३) ज्योतिषाचा केवळ आश्रयदाता नव्हता, तो स्वतः वेध घेणारा होता. जुन्या सारण्यांवरून काढलेले ग्रहण व आकाशात दिसणारे ग्रहण यांचा मेळ बसेना, म्हणून त्याने दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथे चुनेगच्ची वेधशाळा उभारल्या. पितळेची लहान यंत्रे झिजतात, त्यांची केंद्रे सरकतात, यास्तव यंत्रे दगडचुन्याची आणि प्रचंड असावीत, असे त्याचे मत होते. युरोपात या शास्त्राची काय प्रगती झाली आहे हे जाणण्यासाठी त्याने जेजुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्या बरोबर एक शिष्टमंडळ पोर्तुगालला धाडले. दोम जुवांव पाचवा गादीवर असताना, इ. स. १७२९ मध्ये, ते लिस्बनला पोहोचले आणि गोव्याच्या मार्गाने परत आले. येताना त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला हीर याच्या सारण्या आणल्या, व पेद्रु द सिल्व्हा नावाचा जाणकारही जयसिंहाच्या पदरी आला. राजाने त्या सारण्या ताडून पाहिल्या, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आढळली आणि ती त्याने आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्टपणे नमूद केली. तरीही ग्रंथ टाकून न देता त्याच्या दरबारच्या केवलरामाने ‘दृक्पक्षसारणी’ या नावाने त्याचे संस्कृत रूप सिद्ध केले. ला हीरचे गणित पॅरिसच्या रेखेवरचे. ते येथे वापरावयाचे तर देशांतर-संस्कार करणे भाग. परकीय विद्या घेताना ती पारखून आणि आपल्या रेखेवर आणून घ्यावयाची, ही रीत त्या दरबारात होती. दुर्बिणीच्या साहाय्याने युरोप त्याच काळात किती पुढे गेला होता याची पुरेशी कल्पना मात्र त्या शिष्टमंडळाने राजास दिलेली दिसत नाही, आणि हे आपले दुर्दैव.

उज्जयिनीची वेधशाळा जयसिंहाने माळव्याच्या सुभेदारीच्या काळात बांधली. तिच्यातील सम्राटयंत्र हे वस्तुतः एक मोठे छायायंत्रच होय. मध्ये दक्षिणोत्तर उभी असलेली त्रिकोणी भिंत; तिचा उतरता कर्ण क्षितिजाशी त्या गावच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश १० कलांचा कोन करतो. त्यामुळे तो कर्ण पृथ्वीच्या अक्षाशी समांतर होऊन ध्रुवाकडे रोखलेला राहतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंस विषुववृत्ताच्या पातळीत बांधलेले कमानदार पाद आहेत. सकाळी छाया पश्चिमेकडील पादावर वरच्या टोकापासून खाली उतरत येते, मध्याह्नी ती भिंतीशी लुप्त होते, आणि नंतर पूर्वेकडील पादावर चढू लागते. साध्या उभ्या काठीची छाया सकाळी वेगाने व दुपारी संथ आखडते. येथे मात्र समान काळात समान अंतर तुटते, म्हणून पादावर घटका, पळे आखता येतात. जयपूरच्या सुमारे २७ मीटर उंच सम्राटयंत्रावर छाया दर सेकंदास जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांना ती चालताना दिसते. एक अडचण उरतेच. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे, त्यामुळे छायेची कड पुसट असते आणि त्या पुसटपणातच दोन मिनिटे गडप होतात. कुशल वेधकर्ता छायेत बारीक काडी धरून तिची सावली कोठे मावळते ते पाहतो आणि कड निश्चित करतो.

शेजारीच नाडीवलय यंत्र आहे. विषुववृत्ताच्या पातळीत कललेल्या या गोल दगडी यंत्राला दोन तोंडे आहेत. सूर्य उत्तर गोलात असताना सहा महिने उत्तरेकडील तोंडावर ऊन पडते, दक्षिण गोलात गेला की दुसऱ्यावर. आणि विषुवदिनी दोन्हींवर पडत नाही. पंचांग न उघडता विषुवदिन ओळखण्याची इतकी सुटसुटीत युक्ती दुसरी नसेल.

जयसिंहाच्या पश्चात वेधशाळेला वाली उरला नाही. विल्यम हंटर या स्कॉटिश वैद्याने जयसिंहाच्या कार्याचा वृत्तांत इ. स. १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला, त्यात उज्जयिनीच्या वेधशाळेत शस्त्रागार व तोफा ओतण्याचा कारखाना घातल्याची नोंद आहे. तेव्हा उज्जयिनी शिंद्यांची होती. मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही वाचले पाहिजे, आणि त्यापुढचेही वाचले पाहिजे. कारण त्याच शिंदे घराण्यातील माधवराव महाराजांनी १९२३ साली, पं. नारायणजी व्यास व गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून, या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. मोडकळीस आलेले पाद पुन्हा आखणे हे गवंड्याचे काम नव्हे. अंशकलांचे गणित जाणणारा मनुष्य उन्हात उभा राहिल्याखेरीज ते होत नाही. आज ती जीवाजी वेधशाळा या नावाने ओळखली जाते.

दरम्यान जगाची मध्यरेखा दुसरीकडे गेली होती. ग्रिनिच येथे एअरी याने १८५१ पासून ज्या दुर्बिणीने वेध घेतले, तिच्या मध्यातून जाणारी रेखा वॉशिंग्टनच्या परिषदेने ऑक्टोबर १८८४ मध्ये शून्य रेखांश म्हणून मान्य केली. पंचवीस राष्ट्रांपैकी बावीस अनुकूल, सान डोमिंगो विरुद्ध, फ्रान्स व ब्राझिल तटस्थ. ब्रिटिश शिष्टमंडळात इंडिया कौन्सिलचे सभासद जनरल स्ट्रॅची होते. ग्रिनिचच्या निवडीत शास्त्रापेक्षा व्यवहार अधिक होता: जगातील बहुसंख्य जहाजांचे नकाशे आधीच त्या रेखेवर चालत होते. फ्रान्सने ही गोष्ट मनास लावून घेतली आणि १९११ मध्ये नाइलाजाने कायदा केला तोही ग्रिनिचचे नाव टाळून. फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसच्या वेळेतून नऊ मिनिटे एकवीस सेकंद उणे, असे त्यात लिहिले. पोर्तुगालने १९१२ च्या आरंभापासून ग्रिनिच स्वीकारले. गमतीची गोष्ट अशी की, उपग्रहांच्या साहाय्याने आज जी शून्य रेखा मोजली जाते ती एअरीच्या पितळी पट्टीवरून जात नाही, तिच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेकडून जाते. मानलेली रेखा ती. तिला सरकण्यास कोणाची हरकत?

हिंदुस्थानात १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची वेळ प्रमाण ठरली. मुंबईकरांना ती मानवली नाही. त्यांची घड्याळे एका रात्रीत एकोणचाळीस मिनिटे पुढे जावयाची होती. लोकांनी विरोध केला, आणि मुंबईच्या नगरपालिकेने जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकविली. त्यात राजकारण होते हे खरे, परंतु नुसते राजकारण नव्हते. सूर्य डोक्यावर आला असता घड्याळात बारा वाजावेत, ही अपेक्षा काही अडाणीपणाची नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने एक सुंदर तडजोड केली. २२ मार्च १९५७ पासून प्रचारात आलेल्या राष्ट्रीय पंचांगासाठी तिने जे मध्यवर्ती स्थान निश्चित केले त्याचे रेखांश ८२ अंश ३० कला, म्हणजे ग्रिनिचपासून मोजलेले. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचे. त्या स्थानी वेधशाळा नाही. ते गणितापुरते आहे, लंकेसारखेच. पुढे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी उज्जयिनीस वेधशाळेलगत सूर्योदयापासून तीस मुहूर्त मोजणारे एक मोठे घड्याळ बसविण्यात आले; ते पाहण्यास गर्दी होते, आणि जवळच्या नाडीवलयापाशी तुलनेने शांतता असते.

देवस्थानांच्या दृष्टीने हा प्रश्न इतिहासापुरता नाही. तिथी कोणत्याही क्षणी बदलते, पण व्रतास ग्राह्य तिथी बहुधा सूर्योदयाची. आणि सूर्योदय गावागणिक निराळा. फोंडा महाल उज्जयिनीच्या रेखेपासून पावणेदोन अंश पश्चिमेस, म्हणून तेथे सूर्य सात मिनिटे, जुन्या भाषेत अठरा पळे, उशिरा उगवतो. हा देशांतर-संस्कार. शिवाय तो दक्षिणेस असल्यामुळे चर-संस्कार पडतो: जूनच्या अखेरीस दिवस उज्जयिनीइतका मोठा नसल्याने सूर्योदय आणखी पंधरा मिनिटांनी लांबतो, तर डिसेंबरात तितकाच अलीकडे येतो. एकूण आषाढाच्या सुमारास फोंड्याचा सूर्योदय उज्जयिनीनंतर सुमारे बावीस मिनिटांनी, आणि राष्ट्रीय पंचांगाच्या मध्यवर्ती स्थानानंतर सुमारे एकोणपन्नास मिनिटांनी होतो. दशमी या अवधीत संपली तर तेथे एक एकादशी व येथे दुसरी. दोन पंचांगांत भेद दिसला की एक खोटे असे म्हणून वाद घालणाऱ्यांनी, ती कोणत्या गावच्या सूर्योदयावर रचली आहेत हे मुखपृष्ठाच्या आतील पानावर प्रथम पाहावे.

हातातील घड्याळ आणि छाया यांतही भेद राहणारच. उज्जयिनीस रेखांशामुळे छाया घड्याळाच्या सत्तावीस मिनिटे मागे असते. त्यात सूर्याच्या विषम गतीमुळे, ज्यास आपले ज्योतिषी भुजांतर व उदयांतर म्हणतात आणि ज्यांचा विचार भास्कराचार्यांनी शके १०७२ मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त केला आहे, आणखी फेर पडतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तेथील छाया घड्याळामागे एक्केचाळीस मिनिटे असते, नोव्हेंबरच्या आरंभी केवळ अकरा. फोंडा महालातील एखाद्या देवळाच्या प्रांगणात शंकू रोवला तर हेच आकडे अठ्ठेचाळीस आणि अठरा येतील.