बाँडचा शोक आणि प्रेक्षकांतली दुफळी

एखाद्या चित्रपटावरून प्रेक्षकांत दोन तट पडतात, तेव्हा मतभेद नेमका कशाविषयी आहे हे त्या तटांनाही पुष्कळदा उमगलेले नसते. जेम्स बाँड-मालिकेतील सहावा चित्रपट 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' डिसेंबर १९६९ मध्ये प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्याविषयीचा वाद वरकरणी एका नटाभोवती फिरत आला आहे. शॉन कॉनरी यांनी पाच चित्रपटांतून घडवलेली भूमिका जॉर्ज लेझनबी यांनी पेलली की नाही, हा तो वाद. आमच्या मते तो मुळात नटाचा वाद नाही. मालिकेच्या पुढच्या भागाने मागच्या भागाची ओळखीची चव पुन्हा द्यावी, की नायकाच्या आयुष्यात काहीतरी कायमचे घडू द्यावे, या प्रश्नावर प्रेक्षक विभागले गेले होते. लेझनबी हे त्या अस्वस्थतेला सापडलेले सोयीचे नाव होते.

नटाची बाजू आधी पाहू. लेझनबी ऑस्ट्रेलियात मोटारी विकत असत, पुढे लंडनमध्ये जाहिरातींतले मॉडेल झाले. चित्रपटात अभिनयाचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि चित्रीकरणाच्या वेळी वय होते २९. भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे रंगभूमीला नवे नाही. आपल्याकडे 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले, नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी आदींनी ते आपापल्या परीने केले, आणि तुलना करणारे रसिक तुलना करत राहिले. पण तेथे भूमिकेला नाटककाराने लिहिलेली संहिता होती. भूमिका नटापूर्वीही होती आणि नटानंतरही उरणार होती. पडद्यावरच्या बाँडचे तसे नव्हते. फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्या वाचलेल्यांपेक्षा कॉनरी यांना पाहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी, त्यामुळे भूमिका म्हणजेच नट असे समीकरण रूढ झाले होते.

निर्मात्यांना ही अडचण ठाऊक होती, आणि ती लपवण्याऐवजी त्यांनी ती चित्रपटातच मांडली. आरंभीच्या मारामारीनंतर नायिका निघून जाते, तेव्हा नायक जवळजवळ प्रेक्षकांकडे पाहून कुरकुरतो की त्या 'दुसऱ्या' माणसावर असा प्रसंग कधी आला नव्हता. श्रेयनामावलीत वाळूच्या घड्याळातून आधीच्या चित्रपटांतली दृश्ये झरत जातात. बाँड राजीनामा द्यायला निघतो तेव्हा टेबलाच्या खणातून जुन्या मोहिमांच्या वस्तू बाहेर काढतो आणि त्यांच्याबरोबर त्या त्या चित्रपटाचे सूर ऐकू येतात. माणूस तोच आहे, असे चित्रपट पुन:पुन्हा बजावतो. इतके बजावावे लागणे हीच शंकेची कबुली, हे त्या वेळच्या प्रेक्षकाच्या लक्षात आले नसेल असे नाही.

लेझनबी यांच्या अभिनयावर निकाल देणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. चित्रपटाच्या मधल्या बऱ्याच भागात बाँड हा सर हिलरी ब्रे या वंशावळीच्या अभ्यासकाचे सोंग घेऊन शत्रूच्या घरात राहतो. त्या भागात पडद्यावर देह लेझनबी यांचा असला तरी आवाज खऱ्या हिलरी ब्रेची भूमिका करणाऱ्या जॉर्ज बेकर यांचा आहे. नव्या नटाची ओळख पटावी अशा ऐन वेळी त्याचा आवाजच काढून घेतलेला! या परिस्थितीत त्यांना 'निर्जीव' म्हणणारे आणि 'गैरसमज झालेला गुणी नट' म्हणणारे, दोघेही अर्ध्याच पुराव्यावर बोलतात.

मुख्य मुद्दा मात्र कथेचा आहे, आणि तो कळण्यासाठी कादंबऱ्यांचा क्रम पाहावा लागतो. इयान फ्लेमिंग यांची मूळ कादंबरी १९६३ ची. तिच्या अखेरीस बाँडचे लग्न होते आणि काही तासांतच ब्लोफेल्ड त्याच्या पत्नीला मारवतो. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये या शोकाने खचलेला बाँड जपानला जातो आणि सूड घेतो. म्हणजे फ्लेमिंग यांनी मृत्यूला उत्तरकथा दिली होती. निर्मात्यांनी क्रम उलटा केला. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' १९६७ मध्येच, शोकाचा भाग पूर्ण वगळून, पडद्यावर आले. परिणाम दोन झाले. एक हास्यास्पद होता. १९६७ मध्ये बाँडला समोरासमोर भेटलेला ब्लोफेल्ड १९६९ मध्ये, केवळ चष्मा आणि बदललेला आवाज एवढ्यावरून, त्याला ओळखत नाही. (ब्लोफेल्डचा नटही बदलला होता, तेव्हा दोघांनीही एकमेकांना ओळखू नये हे एका अर्थी न्याय्यच म्हणायचे.) दुसरा परिणाम गंभीर होता. ट्रेसीच्या मृत्यूचे पुढे काय झाले, हे सांगणारी गोष्ट आधीच खर्ची पडली होती.

बाँड-मालिकेचा प्रेक्षकांशी एक अलिखित करार होता. दर चित्रपटाच्या अखेरीस नायक एका स्त्रीच्या मिठीत असेल, आणि पुढच्या चित्रपटाच्या आरंभी ती स्त्री कधी नव्हतीच असे सर्वजण मानतील. १९६७ च्या चित्रपटात बाँडचे एक लग्न झालेही होते, पण ते हेरगिरीपुरते खोटे होते, त्यामुळे कराराला बाधा नव्हती. १९६९ चे लग्न खरे होते. दिग्दर्शक पीटर हंट हे आधीच्या बाँडपटांचे संकलक, तेव्हा या मालिकेचा वेग कोठून येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी चित्रपट सुमारे १४२ मिनिटांचा केला आणि प्रेमाला अवकाश दिला. प्रेम जमण्याचा काळ जॉन बॅरी यांच्या संगीतातून आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या गाण्यातून जातो. 'वुई हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड' हे त्या गाण्याचे शीर्षक. आपल्यापाशी अमाप वेळ आहे असे सांगणारे हे गाणे प्रकृती ढासळलेल्या गायकाच्या तोंडी आहे. आर्मस्ट्राँग जुलै १९७१ मध्ये वारले. शेवटच्या दृश्यात बाँड मृत पत्नीला कवटाळून, तिला थोडी विश्रांती हवी आहे असे पोलिसाला सांगतो, कॅमेरा काचेवरच्या गोळीच्या छिद्रावर थांबतो आणि मग श्रेयनामावलीवर बाँडची नेहमीची धून धडाक्यात सुरू होते. ही धून म्हणजे जणू कराराची घाईघाईने केलेली डागडुजी. तिच्या आवाजाने आम्हांला आजही दचकायला होते.

तत्कालीन प्रेक्षकांना येथे फसवल्यासारखे वाटले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. बर्फावरच्या पाठलागांचा थरार, स्वित्झर्लंडमधील शिल्टहॉर्न शिखरावरचे फिरते उपाहारगृह, हिमलोट, हे सारे त्यांना हवे तसेच मिळाले होते आणि मग एकाएकी हातात शोक ठेवला गेला. उत्पन्न आधीच्या चित्रपटापेक्षा घटले, तरी चित्रपट पडला अशी जी दंतकथा आहे ती खरी नाही. लेझनबी यांनी एकाच चित्रपटानंतर भूमिका सोडली. बाँड हा जुन्या जमान्याचा माणूस आहे, असे त्यांचे सल्लागार रोनन ओ'राहिली यांनी त्यांच्या मनात भरवले होते. 'ईझी रायडर'च्या वर्षी हा सल्ला वेडगळ नव्हता. लंडनच्या पहिल्या खेळाला लेझनबी दाढी-केस वाढवून आले. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये कॉनरी परतले. बाँड ब्लोफेल्डला शोधत देशोदेशी लोकांना बडवतो, पण ट्रेसीचे नाव कोणी काढत नाही. प्रेक्षकांपैकी एका तटाचा विजय इतका संपूर्ण होता. १९७६ मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीने तर १९६९ चा हा चित्रपट दोन रात्रींत विभागून, दृश्यांचा क्रम बदलून आणि त्यावर लेझनबी यांच्या नसलेल्या आवाजात निवेदन घालून दाखवला. नटाचा आवाज दुसऱ्यांदा गेला.

दुसरा तट मात्र विझला नाही. १९८१ च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'ची सुरुवात ट्रेसीच्या थडग्यापाशी होते. ते आर्मस्ट्राँग यांचे गाणे आले तेव्हा ब्रिटनमध्ये फारसे गाजले नव्हते, पण १९९४ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीमुळे ते तेथील खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. क्रिस्टोफर नोलन यांनी हा आपला आवडता बाँडपट असल्याचे सांगितले आहे, आणि त्यांच्या 'इन्सेप्शन'मधील (२०१०) बर्फातला किल्ला पाहिला की दुसरा पुरावा लागत नाही. २०१२ मध्ये बाँडप्रेमींच्या एका नियतकालिकाच्या वाचकांनी याला सर्वोत्तम बाँडपट ठरवले.

हा कौल आम्ही जसाच्या तसा स्वीकारत नाही. जे जे एकेकाळी नाकारले गेले ते ते थोर, अशी एक सवय समीक्षेला जडली आहे. या चित्रपटाचा मधला भाग सैल आहे. शत्रूच्या दवाखान्यातल्या तरुणींचे प्रसंग आज पाहवत नाहीत. ट्रेसी तर त्या भागात जवळजवळ नाहीशीच होते. तिचा बाप ड्राको तिच्याशी लग्न करण्यासाठी बाँडला दहा लाख पौंड देऊ करतो, आणि शेवटच्या चकमकीत ती जायला तयार होत नाही म्हणून तिला ठोसा मारून बेशुद्ध करतो. हे विनोद म्हणून येते. लेझनबी की कॉनरी या वादात दोन्ही तट डायना रिग यांना विसरले. शेवटचे दृश्य आपल्याला छळते ते त्याआधी त्यांनी ट्रेसीला एक विक्षिप्त, हुशार, थकलेले माणूस म्हणून उभे केले आहे म्हणून. मेलेल्या स्त्रीचे मोल नायकाच्या दु:खावरून ठरवणारी पद्धत पुढे या मालिकेने फार आवडीने उचलली.

२००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये पुन्हा प्रेम आणि मृत्यू आला. या वेळी शोकाला उत्तरकथा मिळाली. २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस' आधीच्या चित्रपटाच्या शेवटाला थेट जोडून सुरू होतो. प्रेक्षक पुन्हा विभागले, तेही उलट्या तक्रारीने. बाँड फार उदास आहे, हसत का नाही, असे अनेकांचे म्हणणे पडले. नट तोच, डॅनियल क्रेग, आणि तो सर्वांना मान्य झालेला होता. आता दोष दिला गेला संकलनाला.

२०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बॅरी यांचे सूर आणि आर्मस्ट्राँग यांचे गाणे परत आले. या वेळी स्वत: बाँड मरतो. एवढे करून श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी, १९६९ च्या चित्रपटाप्रमाणेच, जेम्स बाँड परत येईल असे पडद्यावर लिहून येते. फरक एवढाच की १९६९ मध्ये त्यापुढे पुढच्या चित्रपटाचे नाव होते.