बर्गर, विनोद आणि न पेटलेली आग

जाहिरात हेसुद्धा इतिहासाचे साधन आहे. एखाद्या काळी लोक कशावर हसत होते, हे त्यातून कळते. आज आपण एकच जाहिरात तपासू.

२००६ साली अमेरिकेत बर्गर किंगने टेक्सास डबल व्हॉपर या बर्गरसाठी 'मॅन्थम', म्हणजे पुरुषांचे स्फूर्तिगीत, ही जाहिरात दूरचित्रवाणीवर आणली. एक तरुण मैत्रिणीबरोबर महागड्या रेस्टॉरंटमध्ये बसला आहे. समोरच्या मोठ्या ताटलीत पदार्थ अगदी इवलासा. असल्या बायकी जेवणाने आपले पोट भरणार नाही, असे गात तो उठून रस्त्यावर येतो. पुरुषांचा मोर्चा जमतो. ते आपल्या चड्ड्या जाळतात आणि एक मिनीव्हॅन पुलावरून खाली ढकलतात. अमेरिकेत मिनीव्हॅन म्हणजे मुलाबाळांची ने-आण करण्याची गाडी. म्हणजे संसाराची जबाबदारीच झुगारली!

गाण्याची चाल हेलन रेड्डी यांच्या 'आय ॲम वुमन'ची आहे. डिसेंबर १९७२ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिले आलेले हे गीत स्त्रीमुक्ती चळवळीची ओळख बनले होते.

आता चड्ड्या जाळण्याकडे वळू. त्यामागे चळवळीतल्या बायकांनी ब्रा जाळल्या, ही समजूत आहे. ती ७ सप्टेंबर १९६८ च्या घटनेपर्यंत जाते. त्या दिवशी अटलांटिक सिटीत 'मिस अमेरिका' स्पर्धेविरुद्ध स्त्रियांनी निदर्शने केली. 'स्वातंत्र्याची कचरापेटी' ठेवून तिच्यात ब्रा, कंबरपट्टे, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या टाकल्या. फरशी पुसायचे मॉप आणि स्वयंपाकाची भांडीही टाकली. पण जाळले काहीच नाही. तो रस्ता लाकडी फळ्यांचा होता, तिथे आग लावायला मनाई होती. तरीही वृत्तपत्रांतून 'ब्रा जाळणाऱ्या बायका' हे शब्द रूढ झाले.

इथे नीट लक्ष द्या. विनोदाने अंतर्वस्त्रे लक्षात ठेवली. मॉप आणि भांडी मात्र गाळली. घरकामाच्या वाटणीचा प्रश्न नाहीसा झाला आणि उरले ते हास्यास्पद चित्र. अडतीस वर्षांनी तेच चित्र बर्गर विकायला कामी आले.

तुम्ही म्हणाल, "सर, ही थट्टा तर पुरुषांचीच आहे." खरे आहे, त्यातला मोर्चा मुद्दाम अतिरंजित केला आहे. पण हसू येण्यासाठी एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: भरपूर मांस पुरुषाचे, थोडेसे नाजूक जेवण बाईचे. विनोद हे सिद्ध करत नाही, ते गृहीत धरतो. म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते.

भारतात जाहिरात मानक परिषदेने (ॲस्की) २०२२ मध्ये घातक लिंगभेदी साच्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पण नियमाआधी प्रेक्षकाची नजर तयार व्हावी लागते.

स्वाध्याय: तुमच्या भाषेतील खाद्यपदार्थाची एक विनोदी जाहिरात निवडा. हसण्यासाठी तुम्हाला काय आधीच मान्य करावे लागले? आणि त्या चित्रातून काय गाळले आहे? प्रत्येकी पाच ओळींत लिहा.